इन-हँड पगाराचा आकडा स्लिपशी जुळत नाही? आधी फरक किती रुपयांचा ते पाहा

"तुमच्या कॅल्क्युलेटरवर महिन्याला १,१०,८१९ दाखवतंय, माझ्या खात्यात १,००,३०८ आले. कुठेतरी चुकताय तुम्ही."

पगार झाला की पहिल्या आठवड्यात असे निरोप यायला लागतात. मी पगारदार माणसांसाठी आयकर आणि इन-हँड पगार काढून देणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर चालवते, आणि वर्षभर तक्रार म्हणाल तर ही एकच: आकडा स्लिपशी जुळत नाही. सुरुवातीला प्रत्येक तक्रारीनंतर मी कोड उघडून बसायचे आणि स्लॅब पुन्हा पुन्हा तपासायचे. स्लॅब बहुतेक वेळा बरोबरच निघायचे. चूक असायची ती आम्ही न विचारलेल्या प्रश्नात. पीएफ कशावर कापतात, वर्ष कोणतं, नोकरी मध्येच बदलली का, या प्रश्नांची उत्तरं कॅल्क्युलेटर मनाशी धरून पुढे जातो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून आता कोड नंतर उघडते. आधी विचारते, फरक नेमका किती आहे? ही रक्कम फार बोलकी असते. २०० चा फरक एका कारणाने पडतो, १,९५० चा दुसऱ्या, ६५० चा तिसऱ्या. थोड्या सवयीने रक्कम ऐकूनच कुठे बघायचं ते कळतं. असा कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांना याचा उपयोग होईल, आणि ज्यांच्या हातात फक्त स्लिप आहे त्यांनाही. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या करप्रणालीचे आणि महाराष्ट्रातल्या नोकरीचे धरा.

हजारांतला फरक: पीएफ आणि सीटीसी

वरचीच तक्रार घेऊ. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १५ लाख, बेसिक (मूळ पगार) त्याच्या निम्मं म्हणजे वर्षाला ७,५०,०००, महिन्याला ६२,५००.

कॅल्क्युलेटरने धरलं होतं की पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो. १५,००० चे १२ टक्के म्हणजे १,८००. तेवढेच कंपनी भरते, आणि कंपनीचा हा वाटा सीटीसीतच धरलेला असतो. वर्षाचे २१,६०० असे गेले. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ३६,०७५, हेही सीटीसीतून बाजूला निघतात. उरलेला ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १४,४२,३२५. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) ७५,००० वजा केलं की १३,६७,३२५, आणि करपात्र उत्पन्न जवळच्या दहा रुपयांत धरायचं असल्यामुळे १३,६७,३३०. त्यावर कर ८५,०९९.५०, चार टक्के सेस (करावरचा उपकर) धरून आणि पुन्हा दहा रुपयांत आणून ८८,५००. महिन्याला टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, ७,३७५. ग्रॉस १,२०,१९३.७५ मधून पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस ७,३७५ गेले की हातात १,१०,८१८.७५.

त्यांची कंपनी मात्र पूर्ण बेसिकवर पीएफ कापत होती. ६२,५०० चे १२ टक्के, ७,५००. कंपनीचा वाटाही ७,५००. आता ग्रॉस उतरून १३,७३,९२५ होतो, करपात्र १२,९८,९३०, कर सेससकट ७७,८३०. महिन्याचा ग्रॉस १,१४,४९३.७५, त्यातून ७,५००, २०० आणि टीडीएसचे ६,४८५.८३ वजा केले की १,००,३०७.९२. बँकेत १,००,३०८.

एका प्रश्नाच्या उत्तरावर महिन्याला साडेदहा हजारांचा फरक. आणि हे पैसे कुठे हरवलेले नाहीत, दोन्ही बाजूंचे मिळून दर महिन्याला ११,४०० त्यांच्याच पीएफ खात्यात जास्तीचे जात होते, करातही ८८९ रुपये वाचत होते. पण नवी नोकरी घेताना घरभाडं आणि कर्जाचा हप्ता ज्याने कॅल्क्युलेटरचा आकडा बघून ठरवला, त्याला हे सांगून काय उपयोग? त्या महिन्याची ओढाताण झालीच. तेव्हापासून "पीएफ: १५,००० च्या मर्यादेवर / पूर्ण बेसिकवर" हा पर्याय मी "अधिक पर्याय" या घडीतून बाहेर काढून सीटीसीच्या खोक्याच्या लगेच खाली आणला. तुमचाही आत कुठे दडलेला असेल तर आजच वर आणा.

याच जातीचे आणखी काही फरक आहेत. कॅल्क्युलेटरचा आकडा १,८०० ने जास्त येत असेल, तर कंपनीचा वाटा सीटीसीतून वजा करायचा राहिला आहे. तसाच फरक १,९५० च्या घरात असेल, तर सीटीसीत कंपनीच्या १२ टक्क्यांबरोबर विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्काही धरलेला आहे. १५,००० वर १३ टक्के म्हणजे बरोबर १,९५०. कराचा परिणाम होऊन ही रक्कम थोडी खाली सरकते, पण ओळखू येते. १५ लाखांच्या सीटीसीत १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) असेल तर महिन्याच्या ग्रॉसमध्येच १२,५०० कमी पडतात, कारण व्हेरिएबल वर्षातून एकदा किंवा तिमाहीला येतं, महिन्याच्या पगारात नाही. ऑफर लेटरमधला सीटीसी बाराने भागून बघणाऱ्याला हे कोणीतरी आधीच सांगायला हवं, आणि ते काम कॅल्क्युलेटरचं आहे.

बेसिक सीटीसीच्या किती टक्के हेही गृहीत धरू नका. कुठे ४० टक्के, कुठे ५०. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे जुने ठोकताळे कोडमध्ये कायमचे कोरून ठेवणं धोक्याचं आहे. बेसिकचं खोकं उघडं ठेवा, माणसाला स्लिप बघून भरू द्या.

शेकड्यांतला आणि त्याहून लहान फरक

हे फरक लहान असतात, पण विश्वास इथेच उडतो. दहा हजारांचा फरक दिसला की माणूस म्हणतो, माझंच काहीतरी भरायचं राहिलं असेल. आठ रुपयांचा फरक दिसला की म्हणतो, यांना हिशेबच येत नाही.

आठ रुपये हा आकडा मी मुद्दाम घेतला. माझ्या पहिल्या आवृत्तीत व्यवसाय कर वर्षाला २,५०० म्हणून बाराने भागला होता, महिन्याला २०८.३३. स्लिपवर मात्र २०० असतात. अकरा महिने ८ रुपये ३३ पैशांचा फरक, आणि फेब्रुवारीत उलट्या बाजूने ९१.६७ चा. कारण महाराष्ट्रात महिन्याला १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापतात. बेरीज २,५००, राज्यघटनेच्या कलम २७६ ने घालून दिलेली वर्षाची कमाल मर्यादा. म्हणून "फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले" या प्रश्नाला दुसरं उत्तर शोधत बसू नका.

स्त्रियांना महिन्याला २५,००० पगारापर्यंत हा कर नाही, १ एप्रिल २०२३ पासून. कमी पगाराच्या नोकरीतल्या एखादीने "२०० रुपये चुकीचे दाखवताय" असं लिहिलं तर ती बरोबर असते. तिच्यासाठी वर्षाचे २,५०० ही रक्कम लहान नाही. व्यवसाय कर हा राज्याचा विषय आहे. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात तो नाहीच. राज्य विचारलं नसेल तर २०० चा फरक येणारच.

जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर २५ रुपयांचा फरक आला तर तो कामगार कल्याण निधी. वर्षातून दोनदाच.

महिन्याला २१,००० पर्यंत ग्रॉस असलेल्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, कामगाराकडून ०.७५ टक्के. इथे एक खाच आहे. समजा पगार २०,५०० होता आणि जुलैत २२,००० झाला. कॅल्क्युलेटर म्हणणार, मर्यादा ओलांडली, ईएसआय शून्य. स्लिपवर मात्र १६५ कापलेले दिसतील. स्लिप बरोबर आहे. ईएसआयचे सहामाही कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि मध्येच पगार वाढला तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते, तीही वाढलेल्या पगारावर. बदल्यात उपचारांचा हक्कही चालू राहतो, हे सांगायला विसरू नका. लोकांना वाटतं की कंपनी उगाच पैसे कापते.

फरक रुपयांत न बघता कधी कधी भागाकारात बघावा लागतो. स्लिपवरचा टीडीएस भागिले कॅल्क्युलेटरचा टीडीएस बरोबर १.०४ येत असेल तर सेस लावायचा राहिला. आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचा फरक महिन्याला ६५० येत असेल तर स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० धरलंय, ७५,००० नाही: २५,००० चे ३१.२ टक्के म्हणजे ७,८००, भागिले बारा. नव्या प्रणालीत ७५,०००, जुन्या प्रणालीत ५०,०००. दोन्हींसाठी एकच आकडा कोडमध्ये ठेवलेला असला की हे होतं.

वर्षाचा घोळ

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही अशी घोषणा झाली. त्याच रात्री मी नवे स्लॅब चढवले आणि नवं वर्ष आपोआप निवडलेलं ठेवलं. लोकांना लवकर बघायला मिळावं हा हेतू. पुढचे दोन महिने एकच प्रश्न येत राहिला: "१२ लाखांवर कर शून्य आहे ना, मग कंपनी दर महिन्याला जवळजवळ सहा हजार का कापतेय?"

कारण फेब्रुवारी आणि मार्च २०२५ चा पगार आर्थिक वर्ष २०२४-२५ मधला होता. त्या वर्षी नव्या प्रणालीतही १२ लाख पगारावर, ७५,००० वजा जाऊन, ७१,५०० कर बसत होता. महिन्याला ५,९५८. नवे स्लॅब १ एप्रिल २०२५ पासूनच्या पगाराला होते. काही जण एचआरशी भांडून आले होते, माझ्या पानाचा फोटो दाखवून. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्याच्या आदल्या वर्षी उलटं झालं होतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने वर्षाच्या मध्यावर स्लॅब बदलले आणि स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० चं ७५,००० केलं, तेही १ एप्रिल २०२४ पासून. एप्रिल ते जुलैच्या स्लिपा जुन्या हिशेबाने निघालेल्या होत्या, पुढच्या महिन्यांत टीडीएस कमी करून कंपन्यांनी मेळ घातला. त्या वर्षाच्या कोणत्याही एका महिन्याची स्लिप बाराने गुणून ताळा केला तर तो बसणार नाही.

मग आर्थिक वर्ष, ज्यात पगार मिळतो, आणि असेसमेंट इयर, म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष, ज्यात त्याचा रिटर्न भरतात. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चा पगार म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि असेसमेंट इयर २०२६-२७. रिटर्नवर दुसरं छापलेलं असतं, स्लिपवर पहिलं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात या जोडीच्या जागी एकच "कर वर्ष" आहे. ऐकायला सोपं, पण अडचण बघा: "असेसमेंट इयर २०२६-२७" आणि "कर वर्ष २०२६-२७" यांतले आकडे तेच, वर्षं मात्र वेगळी. पहिल्यात मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचा पगार, दुसऱ्यात एप्रिल २०२६ ला सुरू झालेल्या वर्षाचा. यादीत नुसतं "२०२६-२७" लिहिणाऱ्यांकडे चुकीचे हिशेब होणार.

मी यादीतून हे सगळे शब्द काढले आणि सरळ लिहिलं: "एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मध्ये मिळालेला पगार". या जातीच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

१२ लाखांची पायरी

पगार १२,७५,००० असला की करपात्र १२ लाख, रिबेट (करात मिळणारी सूट) ६०,०००, कर शून्य. हजार रुपये वाढ मिळून पगार १२,७६,००० झाला तर? करपात्र १२,०१,०००, कर ६०,१५०, रिबेट गेलं, सेससकट ६२,५५६. हजाराच्या वाढीवर साडेबासष्ट हजार कर. तुमचा कॅल्क्युलेटर हे दाखवत असेल तर त्यात मार्जिनल रिलीफ नाही. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घेता येत नाही. म्हणून कर १,०००, त्यावर सेस ४०, एकूण १,०४०.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, रिलीफ सेस लावायच्या आधी द्यायचा. सेस लावून मग मर्यादा घातली तर १,०४० ऐवजी १,००० येतात. दुसरी, रिलीफ १२ लाखांनंतर लगेच संपत नाही. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ होईपर्यंत तो चालतो, तिथे ६०,००० अधिक १५ टक्के ही रक्कम आणि १२ लाखांवरची जादा रक्कम सारखी होते. ताळ्यासाठी हे ठेवा: करपात्र १२,१०,००० वर उत्तर १०,४०० यायला हवं. ६३,९६० आलं तर रिलीफ लागलेलाच नाही.

शेअर विकून झालेल्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला हे रिबेट मिळत नाही. पगार ११ लाख आणि वर शेअरचा नफा असलेला माणूस "शून्य" बघून निर्धास्त होतो आणि रिटर्न भरताना अडकतो. तुमचा कॅल्क्युलेटर फक्त पगाराचा असेल तर तसं उत्तराच्या शेजारी लिहा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहून भागत नाही, तिथवर कोणी जात नाही. ५० लाखांनंतर अधिभार (करावर आणखी कर) लागतो आणि तिथेही अशीच पायरी आणि असाच रिलीफ आहे. तक्रारी कमी येतात, पण तपासून ठेवा.

टीडीएस दर महिन्याला सारखा नसतो

कॅल्क्युलेटर वर्षाचा कर बाराने भागतो. पेरोल, म्हणजे कंपनीत पगाराचा हिशेब करणारे, तसं करत नाहीत. तिथे दर महिन्याला वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज नव्याने काढतात, त्यावरचा कर, त्यातून आतापर्यंत कापलेला वजा, आणि उरलेल्या महिन्यांनी भाग. पगारवाढ झाली, थकबाकी आली, रजेचे पैसे आले, की भागाकार बदलतो.

वरच्या १५ लाखांच्या उदाहरणात ऑक्टोबरला दोन लाख बोनस मिळाला तर जादा कर ३१,२००. काही कंपन्या तो सगळा ऑक्टोबरातच कापतात, काही मार्चपर्यंतच्या सहा महिन्यांत ५,२०० प्रमाणे. दोन्ही चालतं, वर्षाची बेरीज तीच. म्हणून एका महिन्याच्या टीडीएसवरून ताळा करूच नका. स्लिपवर वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज दिलेली असते, ती आणि वर्षाचा एकूण कर शेजारी ठेवा. मी उत्तरात वर्षाचा आकडा मोठा आणि महिन्याचा त्याखाली "सरासरी" म्हणून देते. त्या एका शब्दाने बरेच गैरसमज टळले.

जुन्या प्रणालीत जानेवारीचा वेगळा प्रश्न असतो. एप्रिलमध्ये ८०सीचे (कर वाचवणाऱ्या गुंतवणुकीचे) दीड लाख दाखवतो म्हणून सांगितलं, जानेवारीत पावत्या दिल्या नाहीत. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ४६,८०० कर मागे पडलेला असतो आणि तो तीन महिन्यांत, दरमहा १५,६०० असा कापला जातो. स्लिपवर जानेवारीपासून पंधरा हजारांच्या आसपास खड्डा दिसला की पहिला प्रश्न हाच: पावत्या दिल्या का? आणखी एक, स्वतःच्या पगारातून कापलेला पीएफ ८०सीत धरला जातो. कॅल्क्युलेटर तो आपोआप धरत असेल आणि माणसाने पुन्हा हाताने भरला, तर वजावट दुप्पट होते. घरभाड्याच्या सूटीत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांना बेसिकच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अशी मर्यादा २०२५-२६ साठी आहे. पुणे त्या चारांत नाही, आणि पुण्यातले लोक "मेट्रो" वर खूण करतातच. तिथे "मेट्रो" हा शब्द न वापरता शहरांची नावं लिहा.

खरोखर कॅल्क्युलेटरचीच चूक असते तेव्हा

उत्तर वेडंवाकडं आलं असेल, म्हणजे बारा लाखांवर कर शून्य आणि इन-हँड १ रुपया, तर नियमांत शोधू नका. आकडा आत जातानाच बिघडला आहे. जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला "१२,००,०००" हे स्वल्पविरामासकट दिलं, इंग्रजी अंकांत, तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि १२ परत देतं. चूक झाली असं सांगत नाही, शांतपणे बारा रुपये वार्षिक पगार धरतं. देवनागरी अंक दिले तर त्याला अंकच दिसत नाहीत. मराठी कळफलकावरून भरणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी आधी देवनागरी अंक बदलून घ्या, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, आणि मगच आकडा करा. भरलेली रक्कम खोक्याखाली अक्षरांत दाखवा, "बारा लाख रुपये". महिन्याचा पगार वर्षाच्या खोक्यात भरणाराही तिथेच सावध होतो.

दशांशांचं थोडक्यात: रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत ठेवा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकात नेमकी ०.३ होत नाही, आणि करपात्र रक्कम नेमकी ५ वर संपत असताना एवढ्यानेही दहा रुपये इकडचे तिकडे होतात.

आणि नियम बदलूनही काही जणांना जुनंच उत्तर येत असेल, तर त्यांच्या फोनमध्ये जुनी फाइल साठलेली आहे. नियमांच्या फाइलचं नाव प्रत्येक बदलाला वेगळं करा आणि मुख्य पान साठवू देऊ नका. मी उत्तराखाली नियम कोणत्या तारखेचे ते छापते. तक्रारीसोबतच्या फोटोत ती तारीख दिसली की अर्धा तास वाचतो. फोटो मागवताना मात्र पॅन, यूएएन (पीएफचा क्रमांक) आणि बँक खातं झाकायला आवर्जून सांगा. पगाराची स्लिप ही खाजगी गोष्ट आहे, आणि हिशेब ब्राउझरमध्येच होत असेल तर आपल्या सर्व्हरवर कोणाचा पगार नोंदवायची गरजच नाही.

फरक फायद्याचा असला तरी

डिसेंबरात एका बाईंनी लिहिलं, "तुम्ही टीडीएस ८,९०५ दाखवताय, माझ्या स्लिपवर शून्य आहे. बघून घ्या." पगार १,३०,०००. बाराने गुणून १५,६०,०००, करपात्र १४,८५,०००, कर १,०६,८६०, महिन्याला ८,९०५. आमचा गुणाकार बरोबर होता. त्यांची स्लिपही पेरोलच्या हिशेबाने बरोबर होती. पण त्या पगारावर शून्य कसा?

मी विचारलं, या नोकरीत कधीपासून? ऑक्टोबरपासून. त्याआधी सप्टेंबरपर्यंत दुसरीकडे, महिन्याला १,००,०००. सगळं तिथेच उलगडलं. पहिल्या कंपनीने वर्षाचा अंदाज १२ लाख धरला, ७५,००० वजा, रिबेट, टीडीएस शून्य. दुसऱ्या कंपनीला फक्त स्वतःचे सहा महिने दिसत होते, ७,८०,०००, त्यातून पुन्हा ७५,००० वजा, पुन्हा शून्य. दोघांनी स्लॅब पहिल्यापासून लावले, दोघांनी स्टँडर्ड डिडक्शन दिलं. खरं वर्षाचं उत्पन्न १३,८०,०००, करपात्र १३,०५,०००, कर ७८,७८०. कापलेला एक रुपयाही नाही. त्या गप्प बसल्या असत्या तर जुलैत रिटर्न भरताना ही रक्कम व्याजासकट एकदम समोर आली असती.

त्यांनी नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून आधीच्या नोकरीचा पगार कळवला. जानेवारीच्या स्लिपवर टीडीएस २६,२६० आला, फेब्रुवारी आणि मार्चलाही तेवढाच. तीन महिने जड गेले असणार, पण व्याज टळलं. माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये आता सीटीसीच्याही आधी एक प्रश्न आहे: "या वर्षात नोकरी बदललीत का?" हो म्हटलं की आधीच्या पगाराचं आणि तिथे कापलेल्या टीडीएसचं खोकं उघडतं, आणि उत्तराच्या वर लिहून येतं की फॉर्म १२बी नव्या कंपनीला दिला आहे का ते पाहा.